घर वाढले, विमा मात्र तेवढाच!

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. घर बांधणे हे आयुष्यात एकदाच करावयाचे आणि माणसाची पुरती दमछाक करणारे कार्य आहे, असा तिचा रोख. अमेरिकेत येऊन स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींची तऱ्हा थोडी निराळी आहे. येथे आपण घर बहुधा बांधत नाही, बांधलेले विकत घेतो. आणि पाच-सात वर्षे गेली की त्याला हात घालतो. स्वयंपाकघर जुनाट वाटू लागते. तळघर रिकामे पडले आहे हे डोळ्यांत सलू लागते. भारतातून येणाऱ्या आई-वडिलांना जिना चढावा लागू नये म्हणून खालच्या मजल्यावर न्हाणीघर हवे होते. मागच्या अंगणात लाकडी डेक असावा असे वाटू लागते. एखाद्या उन्हाळ्यात काम सुरू होते आणि थंडी पडेपर्यंत घराचे रूप पालटते. ओट्याच्या ग्रॅनाइटचा रंग कोणता, फरशी कोणती, कपाटांच्या मुठी कशा, यांवर कुटुंबात महिनोनमहिने खल होतो. या साऱ्या खलात घराच्या विम्याचा विषय निघाल्याचे मात्र मी क्वचितच ऐकले आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू एकच मुद्दा वाचकांसमोर ठेवण्याचा आहे. घरात केलेला प्रत्येक मोठा फेरफार हा विमा कंपनीबरोबरच्या आपल्या करारावर परिणाम करणारा फेरफार असतो. तो कंपनीला वेळेवर आणि लेखी कळविला नाही, तर घर नवे आणि करार जुना अशी विसंगत अवस्था निर्माण होते आणि ती संकटाच्या दिवशीच उघडकीस येते. मी व्यवसायाने डॉक्टर आहे, विम्याचा तज्ज्ञ नव्हे. परंतु जुन्या केसपेपरवर विसंबून उपचार करण्यात कोणता धोका असतो, हे मी अनेक वर्षे जवळून पाहत आलो आहे. रुग्ण दुसरीकडे रक्त पातळ करणारी गोळी सुरू करतो आणि आम्हाला सांगावयाचे राहून जाते. पुढे साधी दाढ काढतानाही रक्त थांबत नाही. दोष गोळीचा नसतो, दाढेचाही नसतो. न पोहोचलेल्या माहितीचा असतो. घराच्या विम्याची गत नेमकी हीच आहे.

हा विषय केवळ पैशाअडक्याचा आहे, असे कोणी समजू नये. आपल्यापैकी बहुतेकांच्या पाठीशी वडिलोपार्जित वाडा नाही, शेतीवाडी नाही, अडचणीत हात देणारी पिढीजात शिल्लक नाही. कित्येकांच्या बाबतीत येथील घर हीच कुटुंबाच्या अनेक पिढ्यांतील पहिली नोंदलेली स्थावर मिळकत आहे. मुलांचे शिक्षण, स्वतःचे म्हातारपण, गावाकडच्या भावंडांना करावयाची मदत, या सर्वांचा आधार शेवटी याच चार भिंतींवर येऊन ठेपतो. ज्यांना पडल्यावर सावरावयास दुसरा आधार नाही, त्यांनी या एका आधाराची कागदपत्रे अधिक दक्षतेने सांभाळली पाहिजेत.

प्रथम विम्याची रचना थोडक्यात समजून घेऊ. या देशात घरमालकांच्या विम्याचा सर्वांत प्रचलित नमुना 'एचओ-३' या नावाने ओळखला जातो. त्याचा पहिला आणि मुख्य भाग म्हणजे प्रत्यक्ष घराच्या इमारतीचे संरक्षण. दुसरा भाग घरापासून अलग असलेल्या गॅरेज, शेड, कुंपण यांसारख्या बांधकामांचा. तो सामान्यतः मुख्य रकमेच्या १० टक्के असतो. तिसरा घरातील सामानसुमानाचा, बहुधा ५० ते ७० टक्के. चौथा भाग, घर राहण्याजोगे नसेल तेवढ्या काळात अन्यत्र राहण्याच्या खर्चाचा. त्यानंतर येते ती दायित्वाची बाजू, म्हणजे आपल्या आवारात दुसऱ्या कोणाला इजा झाली तर आपल्यावर येणाऱ्या जबाबदारीचे संरक्षण. हे सारे आकडे विमापत्राच्या पहिल्याच पानावर छापलेले असतात. त्यांतील बहुतेक आकडे पहिल्या आकड्यावरून काढले जातात. म्हणजे इमारतीची रक्कम चुकली की सारी उतरंड चुकते.

ही रक्कम म्हणजे घराची बाजारातील किंमत नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. बाजारभावात जमिनीची किंमत, शाळांची ख्याती, रेल्वे स्थानकाचे अंतर, सारे काही असते. आग लागली तरी जमीन जळत नाही. विम्याला प्रयोजन आहे ते पुनर्बांधणीच्या खर्चाशी, म्हणजे तेच घर आजच्या मजुरीने आणि आजच्या दराच्या लाकूड-विटांनी पुन्हा उभे करावयास किती डॉलर लागतील, याच्याशी. आपण तळघर सजवितो, वर एक खोली चढवितो, साध्या लाकडी कपाटांच्या जागी महागडी कपाटे बसवितो, तेव्हा हा पुनर्बांधणीचा खर्च वाढतो. विमापत्रावरील आकडा मात्र आपोआप तेवढा वाढत नाही. महागाईच्या प्रमाणात तो दरवर्षी थोडा वाढविण्याची तरतूद अनेक विमापत्रांत असते. पण ती महागाईपुरती. आपण नवे न्हाणीघर बांधले, हे त्या तरतुदीला कसे कळणार?

येथे एक नियम प्रत्येक घरमालकाने पाठ करून ठेवावा असा आहे. एचओ-३ विमापत्रात साधारणतः असे कलम असते की, नुकसानीच्या वेळी विम्याची रक्कम पुनर्बांधणीच्या पूर्ण खर्चाच्या निदान ८० टक्के असेल, तरच दुरुस्तीचा संपूर्ण खर्च मिळेल. ती त्याहून कमी असेल, तर भरपाई प्रमाणात घटते. उदाहरण घेऊ. एका कुटुंबाने घर घेतले तेव्हा पुनर्बांधणीचा खर्च ४ लाख डॉलर होता आणि विमाही तेवढ्याच रकमेचा होता. पुढे दुसऱ्या मजल्यावर खोल्या वाढल्या, तळघर आणि स्वयंपाकघर नवे झाले, आणि पुनर्बांधणीचा खर्च ६ लाखांवर गेला. विमा मात्र ४ लाखांचाच राहिला. ६ लाखांचे ८० टक्के म्हणजे ४ लाख ८० हजार. आता स्वयंपाकघरात आग लागून १ लाख २० हजारांचे नुकसान झाले. घरमालक म्हणेल, "माझा विमा तर ४ लाखांचा आहे, नुकसान त्याच्या आत आहे." पण कंपनी हिशेब करील तो ४ लाख भागिले ४ लाख ८० हजार, म्हणजे सहापैकी पाच हिस्से. हाती येतील १ लाख डॉलर, आणि त्यांतूनही आपण स्वतः सोसावयाची ठराविक रक्कम वजा होईल. घसारा वजा करून येणारी किंमत याहून अधिक भरली तर तेवढी मिळते. पण जुन्या वस्तूंच्या बाबतीत तिचा भरवसा फारसा धरता येत नाही. आणि घर संपूर्ण जळाले, तर ६ लाखांच्या घरापोटी इमारतीचे मिळणार ४ लाख. उरलेले २ लाख कोठून आणावयाचे, याचे उत्तर कोणत्याही कलमात नाही.

ही भीती काल्पनिक नाही. ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर लागलेल्या वणव्यात २५ माणसे दगावली आणि सुमारे ३ हजार घरे भस्मसात झाली. आपले विमे पुनर्बांधणीला पुरत नाहीत, हे कित्येक कुटुंबांना राखेच्या ढिगाऱ्यावर उभे राहिल्यावर समजले. तीस वर्षांनी, ३० डिसेंबर २०२१ रोजी, कोलोरॅडोतील बोल्डर परगण्यात सुपीरियर आणि लुईव्हिल या गावांतून वणवा फिरला आणि एका दिवसात हजाराहून अधिक घरे गेली. त्यानंतर राज्याच्या विमा खात्याने केलेल्या तपासणीत, खर्च कितीही आला तरी संपूर्ण पुनर्बांधणीची हमी देणारे विमापत्र शंभरात जेमतेम आठ घरमालकांकडे असल्याचे दिसून आले. ही डोंगरातील एकाकी घरे नव्हती. आपण राहतो तशाच नोकरदार माणसांच्या उपनगरातील घरे होती.

मग आपल्याला याचा विसर का पडतो? माझ्या मते त्याचे मुख्य कारण आळस नसून व्यवस्था हे आहे. आपल्या घरावर कर्ज असते. विम्याचा हप्ता कर्जाच्या मासिक रकमेतच मिसळलेला असतो आणि बँक तो परस्पर भरते. वर्षाकाठी नूतनीकरणाचा जाडजूड लिफाफा किंवा संगणकावर एक संदेश येतो, आणि 'भरले आहे' एवढे पाहून आपण तो बाजूला ठेवतो. बँक संतुष्ट आहे म्हणजे सर्व ठीक आहे, असा आपला समज होतो. वस्तुतः बँकेला काळजी आहे ती तिच्या शिल्लक कर्जाची. आपण भरलेली रक्कम, आपण घातलेली भर, आपला घाम, याची काळजी बँकेच्या हिशेबात येत नाही. ती वाहणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे घरमालक.

आता काम चालू असतानाच्या काळाकडे वळू, कारण घर सर्वाधिक धोक्यात असते ते याच काळात. भिंती उघड्या असतात, तारा लोंबत असतात, रंगाचे आणि रोगणाचे डबे, ठिणग्या उडविणारी यंत्रे यांचा सुळसुळाट असतो. प्रचलित विमापत्रात, बांधकाम चालू असलेल्या घरातील चोरी आणि बांधकामासाठी आणून ठेवलेल्या साहित्याची चोरी भरपाईतून वगळलेली असते. म्हणजे नवे फ्रिज, तांब्याच्या नळ्या, फरशीची खोकी रात्रीत नाहीशी झाली, तर खर्च आपलाच. सामानसुमान हलवून घर सलग ६० दिवसांहून अधिक काळ मोकळे ठेवले, तर नासधूस आणि काचफुटीचे संरक्षणही सामान्यतः थांबते. खरोखर बांधकाम चालू असलेल्या घराला यात काही सवलत असते, पण काम मध्येच रखडले तर ती राहील की नाही, याविषयी वाद उद्भवू शकतो. आपली मंडळी तर हमखास डिसेंबर-जानेवारीत भारतात जातात आणि घराच्या किल्ल्या कंत्राटदाराच्या हाती ठेवतात. बंद घरात उष्णता चालू ठेवण्याची योग्य काळजी घेतली नाही आणि नळ गोठून फुटले, तर ते नुकसानही कंपनी नाकारू शकते. यास्तव मोठ्या कामापूर्वी आपल्या विमा एजंटाला विचारून, बांधकामाच्या काळापुरते जादा संरक्षण देणारे पुरवणी-कलम किंवा 'बिल्डर्स रिस्क' नावाचे स्वतंत्र विमापत्र घ्यावे. हजारो डॉलरच्या कामात हा खर्च जड वाटण्याचे कारण नाही.

यापुढील मुद्दा आपल्या अंतःकरणाला भिडावा असा आहे. छपरावर चढणारा, शिडीवर उभा राहून रंग देणारा, तळघरात गुडघ्यांवर बसून फरशी लावणारा माणूस कोण आहे? तो बहुधा दक्षिणेकडील कुठल्या तरी देशातून, आपल्याप्रमाणेच पोटासाठी आलेला माणूस असतो. शिडीवरून पडून कण्याला मार लागलेली माणसे मी रुग्णालयात पाहिली आहेत. अशा रुग्णाला शुद्ध आल्यावर त्याचा पहिला प्रश्न पुष्कळदा दुखण्याविषयी नसतो. 'याचे पैसे कोण भरणार?' हा असतो. त्या प्रश्नाचे उत्तर काम देण्याच्या दिवशी ठरलेले असते. कंत्राटदाराकडे मजुरांच्या अपघातांसाठीचा 'वर्कर्स कॉम्पेन्सेशन' विमा असेल, तर मजुराला उपचार आणि बुडालेल्या मजुरीचा काही अंश मिळतो. नसेल, तर तो मजूर उघड्यावर पडतो. आणि काही राज्यांच्या कायद्यानुसार घरमालकच त्याचा मालक ठरून दावा आपल्या दारात येऊ शकतो. 'रोखीने द्या, निम्म्यात करून देतो' असे सांगणारा माणूस जी निम्मी रक्कम वाचवितो, ती बहुधा या मजुराच्या सुरक्षिततेतून वाचविलेली असते. श्रमिकांच्या हक्कांविषयी व्यासपीठावरून बोलणाऱ्या आपल्या समाजाने स्वतःच्या अंगणात तरी हा हिशेब चोख ठेवावा. कंत्राटदाराचा दायित्वाचा विमा आणि कामगारांचा विमा या दोहोंची प्रमाणपत्रे मागावीत. आणि ती त्याच्या खिशातील झेरॉक्स म्हणून न घेता थेट त्याच्या विमा एजंटाकडून मागवावीत. न्यू जर्सीसारख्या राज्यात घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराला राज्याकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. ती नोंद पाहावयास पाच मिनिटे लागतात.

नगरपालिकेच्या परवान्याविषयीही असेच म्हणता येईल. परवाना घेतला की घराचे मूल्यांकन वाढून कर वाढेल, निरीक्षक येऊन खोड्या काढील, म्हणून तो टाळण्याकडे अनेकांचा कल असतो. परंतु परवाना म्हणजे केवळ कराची पावती नव्हे. तारा नीट जोडल्या आहेत, भार पेलणारी भिंत अविचाराने पाडलेली नाही, हे त्रयस्थ जाणकाराने पाहिल्याचा तो पुरावा आहे. सदोष कारागिरीचा खर्च विमापत्रात स्पष्टपणे वगळलेला असतो. त्या सदोष कारागिरीतून पुढे आग लागली, तर आगीचे नुकसान सहसा मिळू शकते. पण विनापरवाना कामाच्या बाबतीत हा वाद लांबतो, चिघळतो, आणि पुढील वर्षी कंपनी विमापत्राचे नूतनीकरण नाकारण्याचाही संभव असतो. शिवाय जुने घर पडल्यावर ते आजच्या बांधकाम-नियमांनुसारच उभारावे लागते. त्या वाढीव खर्चासाठी प्रचलित विमापत्रात बहुधा इमारतीच्या रकमेच्या १० टक्के एवढीच तरतूद असते. पन्नास-साठ वर्षांच्या घरांना ती अपुरी पडू शकते. ती वाढवून मिळते, मात्र मागावी लागते.

तळघराविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. आपल्या संघटनांच्या कित्येक बैठका, मुलांचे मराठीचे वर्ग, नाटकांच्या तालमी घरांच्या तळघरांतच झालेल्या आहेत. म्हणूनच नूतनीकरणात पहिला मान बहुधा तळघराचा. परंतु पुराचे पाणी घरात शिरले, तर सर्वसाधारण घरविमा काहीही देत नाही. त्यासाठी १९६८ च्या कायद्याने सुरू झालेली संघराज्य सरकारची स्वतंत्र पूरविमा योजना आहे. तिच्यात राहत्या घराच्या इमारतीसाठी कमाल २ लाख ५० हजार आणि सामानासाठी १ लाख डॉलर मिळतात. सामान्यतः विमा घेतल्यापासून ३० दिवसांनी तो लागू होतो; तेव्हा वादळाची बातमी ऐकून धावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या योजनेत तळघरातील भट्टी, पाणी तापविण्याचे यंत्र, विजेचे पॅनेल यांची भरपाई मिळते. पण आपण हौसेने केलेली फरशी, गालिचे, सजविलेल्या भिंती, तेथील सोफा आणि टीव्ही यांची मिळत नाही. गटाराचे पाणी उलटून वर आले किंवा उपसा करणारा पंप बंद पडला, तर त्यासाठी घरविम्यातच वेगळे पुरवणी-कलम घ्यावे लागते. पूरप्रवण क्षेत्रात आणखी एक नियम लागू होतो. सुधारणांचा खर्च इमारतीच्या बाजारमूल्याच्या निम्म्याइतका किंवा अधिक झाला, तर संपूर्ण घर पूरनियमांच्या कक्षेत आणावे लागते, प्रसंगी उंच उचलावे लागते.

सप्टेंबर २०२१ च्या पहिल्याच रात्री आयडा वादळाच्या अवशेषांनी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये जो पाऊस पाडला, तो त्या भागातील वाचक विसरले नसतील. न्यूयॉर्क शहरात, विशेषतः क्वीन्समध्ये, तळघरांत राहणारी माणसे पाणी शिरून बुडून मेली. त्यांपैकी बहुतेक तळघरांना राहण्यासाठी कायदेशीर मान्यता नव्हती. तेव्हा तळघरात झोपण्याची खोली करावयाची असेल, भाडेकरू ठेवावयाचा असेल किंवा आई-वडिलांची व्यवस्था करावयाची असेल, तर बाहेर पडण्याची दुसरी वाट ही सजावटीच्या आधीची गरज आहे. घर वाचले नाही तर विमा काही देईल; माणूस गेला तर देणारे कोणीच नाही.

डेक, पोहण्याचा तलाव, मुलांसाठी उड्या मारण्याची ट्रॅम्पोलिन यांनी घराची शोभा वाढते, तशी जबाबदारीही वाढते. जयंतीच्या कार्यक्रमानंतर चाळीस माणसे एखाद्याच्या डेकवर ताटे घेऊन उभी असतात, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. तो डेक घराच्या भिंतीला खिळ्यांनी जोडला आहे की पक्क्या बोल्टांनी, हे त्या वेळी कोणी विचारीत नाही. अनेक विमापत्रांत दायित्वाची रक्कम १ लाख डॉलरच असते. खुब्याच्या हाडाची एक शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे काही आठवडे या देशात किती खर्चाचे असतात, हे माझ्या व्यवसायबंधूंना सांगावयास नको. ही रक्कम निदान ३ ते ५ लाखांवर न्यावी आणि शक्य असेल त्यांनी दहा लाखांपासून सुरू होणारे 'अम्ब्रेला' विमापत्र घ्यावे, असे मला सुचवावेसे वाटते. तलाव बांधला तर तो कंपनीला कळवावाच. त्याला कुंपण नसेल तर शेजारचे मूल न विचारता आत आले तरी जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. त्याचप्रमाणे घरातील खोलीत दवाखाना, हिशेबनिशीचे कार्यालय किंवा शिकवणी सुरू केली असेल, तर साध्या घरविम्यात धंद्याच्या सामानाला बहुधा २,५०० डॉलरपर्यंतच संरक्षण असते आणि धंद्यातून उद्भवणारे दायित्व वगळलेले असते, हे ध्यानी ठेवावे.

काँडोमिनियममध्ये राहणाऱ्यांनी हा विषय आपला नव्हे असे समजू नये. इमारतीचा सामाईक विमा भिंतीच्या बाहेरपुरता आहे की आतल्या मूळ बांधकामापर्यंत पोहोचतो, हे त्या त्या सोसायटीच्या नियमांवर अवलंबून असते. आपण स्वतः केलेल्या सुधारणा पुष्कळदा त्यात येत नाहीत. स्वयंपाकघर नवे करण्यापूर्वी सोसायटीचे कागद आणि स्वतःचे विमापत्र शेजारी-शेजारी ठेवून वाचावे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : "कळविले की हप्ता वाढणार; मग आपण होऊन पायावर धोंडा का पाडून घ्यावा?" हप्ता वाढण्याचा संभव आहे, हे मी नाकारीत नाही. पण वर दिलेल्या उदाहरणातील २ लाखांच्या तुटीशी त्या वाढीची तुलना करून पाहावी. शिवाय प्रत्येक सुधारणेने हप्ता वाढतोच असे नाही. जुने छप्पर काढून नवे घातले, जुन्या तारा आणि गंजलेले नळ बदलले, धोक्याची सूचना देणारी घंटा किंवा पाण्याचे फवारे बसविले, तर अनेक कंपन्या सवलत देतात. ती सवलतही न सांगणाऱ्याला मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. "विमा कंपन्या गरिबांच्या आणि काळ्यांच्या कधी झाल्या?" असे आपल्यातील काही जाणते लोक विचारतात. हा अविश्वास निराधार नाही. १९३० च्या दशकात या देशात नकाशांवर तांबड्या रेषा ओढून काळ्यांच्या वस्त्या कर्जासाठी धोकादायक ठरविण्यात आल्या, आणि विमा व्यवसायानेही त्या वस्त्यांकडे दीर्घकाळ पाठ फिरविली. १९६८ च्या फेअर हौसिंग कायद्याने घरविक्री, भाडे आणि घरकर्जातील भेदभावाला बंदी केली. बाजारात कोठेच विमा न मिळणाऱ्यांसाठी 'फेअर प्लॅन' या नावाच्या योजना त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्यामुळे अनेक राज्यांत उभ्या राहिल्या. विमापत्रांची भाषा आजही सामान्य माणसाला कळू नये अशीच आहे. दरवर्षी हप्ता घेणारी कंपनी 'यंदा घरात काय बदलले?' असा साधा, ठळक प्रश्न विचारण्यास बांधील असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु तसे होईपर्यंत अविश्वासावरचा उपाय मौन हा नव्हे. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी सारे काही लेखी करावे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

बाबासाहेबांनी १९४७ साली संविधान सभेपुढे ठेवलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात विमा हा राज्याच्या मक्तेदारीचा विषय असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या मानाने आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी तरतूद सुचविली होती. तो प्रस्ताव आयुर्विम्याविषयी आणि भारताविषयी होता. येथील खाजगी घरविम्याशी त्याची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. तथापि त्यामागील विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. सुरक्षितता ही श्रीमंतांची चैन नसून सामान्य माणसाच्या स्वातंत्र्याची अट आहे, असा मी त्याचा अर्थ लावतो. ज्या समाजाने कलमांच्या आणि लिखित कायद्याच्या आधारावर आपले हक्क मिळविले, त्याने स्वतःच्या घराविषयीचा लिखित करार न वाचता कपाटात ठेवून द्यावा, हे शोभणारे नाही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. आपल्या मंडळाने दरवर्षी एक दुपार या कामासाठी राखून ठेवावी. प्रत्येक कुटुंबाने आपल्या विमापत्राचे पहिले पान सोबत आणावे आणि गेल्या काही वर्षांत घरात काय काय बदलले याची यादी करावी. आपल्यातील बांधकामाच्या जाणकारांनी पुनर्बांधणीच्या खर्चाचा ढोबळ अंदाज काढून द्यावा, वकील बंधू-भगिनींनी कलमे उलगडून सांगावीत, तरुण मुला-मुलींनी प्रत्येक खोलीची छायाचित्रे आणि खर्चाच्या पावत्या घराबाहेर सुरक्षित राहतील अशा रीतीने साठवून द्याव्यात. यासाठी देणग्या लागत नाहीत, सभागृह लागत नाही. एखादे सजविलेले तळघरही पुरेल.

ज्यांच्या घरी येत्या उन्हाळ्यात काम निघणार आहे, त्यांनी तर त्या दुपारचीही वाट पाहू नये. फरशीचा नमुना निवडण्यापूर्वी एजंटाला एक पत्र लिहावे : काय करणार आहोत, किती खर्चाचे, किती दिवस, त्या काळात घरात कोण राहणार. उत्तर लेखी मागावे आणि जपून ठेवावे. काम संपल्यावर दुसरे पत्र लिहून विम्याची रक्कम नव्याने ठरवून घ्यावी. 'आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी' अशी अवस्था आपल्यापैकी कोणाच्याही वाट्याला येऊ नये. त्यासाठी ही दोन पत्रे पुरेशी आहेत.